विहिरीतल्या गाडीला दुसरं इंजिन

पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून मी वरून हातोडा मारला. पाच-सहा वेळा मारला. पिस्टन जागचा हलला नाही. दोन दिवस सिलिंडरमध्ये रॉकेल ओतून ठेवलं होतं, तरी नाही.

"काय म्हणतीय?" शेजारी उकिडवे बसलेले लिंबाजी म्हणाले.

"जाम आहे. हे इंजिन मेलंय."

"मेलंय म्हणू नका की, मिस्त्री. दुसरं काय तरी म्हणा."

दुसरं काय म्हणणार? पंच्याऐंशी साल होतं. सेलूला वालूर रोडवर माझं गॅरेज होतं. लिंबाजी शेतकरी माणूस, वय चाळीस-बेचाळीस. अकरा किलोमीटरवरच्या गावातून त्यांनी ही गाडी बैलगाडीत घालून आणली होती, खाली कडबा अंथरून आणि वरून घोंगडं टाकून. त्या काळी खेड्यात दिसायची ती छोटी टू-स्ट्रोक मोटारसायकल. टू-स्ट्रोक म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, गाडी फटफट करत धूर सोडत जाणार.

कार्ब्युरेटर उघडला तर आत काळा गाळ वाळून बसलेला. पेट्रोलच्या टाकीत शेवाळाचे पापुद्रे. सायलेन्सर उलटा केला तर मूठभर माती पडली.

"पाण्यात होती का गाडी?"

"व्हती थोडी."

"थोडी म्हणजे?"

"तुमी चालू करून द्या, मिस्त्री. लागंल ते करा. पर स्वस्तात बसवा."

मी जास्त विचारलं नाही. ती माझी पहिली चूक.

सिलिंडर खराब झाला तर लेथवर आतून थोडा खरवडून मोठा करतात आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन टाकतात. याला बोअर करणं म्हणतात. हा सिलिंडर बोअर झाला असता. पण खालचा क्रँककेस, म्हणजे इंजिनचा पोटाचा भाग, त्याला बोटभर लांब तडा होता. गाडी उंचावरून कुठल्यातरी टणक जागी आपटली होती. नवं इंजिन कंपनीकडून मागवणं परवडणारं नव्हतं. तिसरा रस्ता भंगारचा. ॲक्सिडेंटमध्ये चेसिस वाकलेल्या गाड्यांची इंजिनं बऱ्याचदा चांगली असतात.

मी हैद्राबादला काम शिकलो. आमचा घरचा धंदा लोहाराचा, पण वडिलांनी मला तिकडं एका उस्तादच्या हाताखाली ठेवलं होतं. त्या आठवड्यात मी रेल्वेत बसून हैद्राबाद गाठलं. भंगार बाजारात चार दुकानं फिरल्यावर त्याच कंपनीचं, पण पुढच्या मॉडेलचं इंजिन मिळालं. स्पार्क प्लगच्या भोकावर अंगठा दाबून मी किक मारली. अंगठा उडाला. कॉम्प्रेशन चांगलं आहे, हे ओळखायला यापेक्षा वेगळं मशीन लागत नाही. दुकानदाराकडून पक्की पावती घेतली. तेवढं मात्र शहाणपण केलं.

इंजिन फ्रेममध्ये तीन जागी बोल्टनं बसतं. पुढच्या दोन जागा जुळल्या. मागची अर्ध्या इंचानं चुकली. अशा वेळी काही मिस्त्री फ्रेमलाच नवीन भोक पाडतात. त्यानं फ्रेम कमजोर होते आणि वर्ष-सहा महिन्यांत तुटते. मी भट्टी पेटवून लोखंडाच्या दोन जाड पट्ट्या घडवल्या आणि मधे जोडल्या. मग चेनची लाइन. चेन ज्यांवर फिरते त्या पुढच्या आणि मागच्या चक्र्या एका सरळ रेषेत लागतात. ह्या इंजिनची चक्री दोन सूत, म्हणजे पाव इंच, बाहेर येत होती. तशीच चेन चढवली असती तर गाडी चालली असती, पण खड्ड्यात चेन उतरली असती. मागच्या चक्रीच्या आत तेवढ्या जाडीची रिंग लेथवर करून टाकली. ह्या कामाला चार दिवस गेले.

चारही दिवस लिंबाजी रोज पहिल्या एसटीनं यायचे. हंगामाचे दिवस, रानात काम असणार. तरी यायचे. एका फडक्यानं चाकांचे आरे पुसत बसायचे. हँडलच्या गंजलेल्या दांड्या त्यांनी चिंच आणि राख लावून घासल्या. मागची सीट उंदरांनी कुरतडली होती. ती त्यांनी स्वतः दाभण घेऊन शिवली.

पाचव्या दिवशी गाडी चालू झाली. लिंबाजी उठून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणाले ते इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही.

मी गाडी बंद केली. म्हणालो, "आता आरसी बुक आणा. इंजिनवर नंबर कोरलेला असतो, तो आरसी बुकात लिहिलेला असतो. इंजिन बदललं की आरटीओच्या कॅम्पला गाडी दाखवून नंबर बदलून घ्यावा लागतो. नाहीतर रस्त्यात कुणी धरलं तर चोरीची गाडी ठरते."

"बुक माझ्यापशी न्हाई."

"मग कुणाकडं आहे?"

"गाडी ज्याची हाय त्याच्यापशी."

मी हातातला पाना खाली ठेवला. "गाडी तुमची नाही?"

"न्हाई. साळवे गुरुजीची हाय."

मग त्यांनी सांगितलं. सोपान साळवे त्यांच्या वर्गातला, त्यांच्याच गावचा, बौद्धवाड्यातला. शिकून गुरुजी झाला. गावात पहिली मोटारसायकल त्यानं आणली. सेकंडहँडच, पण गावात दुसरी नव्हती. बाजाराच्या दिवशी दोघं मिळून सेलूला यायचे. एकदा येलदरीचं धरण बघायला गेले होते. दारं उघडल्यावर पाणी कसं पडत होतं, ते लिंबाजींनी मला हातवारे करून दाखवलं.

"येताना मात्र येशीच्या अलीकडं मी उतरायचो," ते म्हणाले. "त्याच्या मागं बसून गावात गेलेलं आमच्या भावकीला चालायचं न्हाई. तेला म्हणायचो, तू बी उतर, ढकलत ने. तो उतरायचा न्हाई. पारापुढनं बसूनच जायचा. लोकांच्या डोळ्यांत तेच सललं."

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव जे झालं, ते त्यांच्याही गावात झालं. बौद्धवाड्यातली घरं पेटवली. गुरुजी म्हाताऱ्या आईला घेऊन निघून गेले. त्यांची गाडी लोकांनी नेऊन विहिरीत टाकली.

"टाकणाऱ्यांत माझा थोरला भाऊ व्हता," लिंबाजी म्हणाले. "मी दार लावून आत बसलो व्हतो."

तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, बांधून, बैल लावून गाडी वर ओढली आणि कडब्याच्या गंजीत लपवली. तिथं ती सात वर्षं होती. यंदा भाऊ वारला, तेव्हा बाहेर काढली.

"गुरुजी कुठं असतात?"

"परभणीला. शाळेत."

"मग जा आणि सही घेऊन या."

"सात वर्सं झाली, मिस्त्री. परभणीला धा येळा गेलो. शाळेच्या गेटापस्तोर बी गेलो. तुमीच जा."

मला परभणीहून स्पेअर आणायचेच होते. फॉर्म खिशात घालून गेलो. मधल्या सुट्टीत गुरुजी वर्गात एकटेच वह्या तपासत बसले होते. उंच, कडक इस्त्रीचा शर्ट. मी गाडीचा नंबर सांगून म्हणालो की, इंजिन बदललंय, सही पाहिजे.

"तुमची काहीतरी चूक होतेय," ते म्हणाले. "ती गाडी विहिरीत आहे."

"काढली."

"कोणी?"

"लिंबाजींनी."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. परत काढलं. खिडकीबाहेर पोरांचा दंगा चालला होता.

"केव्हा काढली?"

"तेव्हाच. तिसऱ्या दिवशी."

त्यांनी फॉर्म माझ्याकडंच परत सरकवला. "न बघता मी कशावर सही करत नाही. रविवारी येतो."

रविवारी लिंबाजी धुतलेलं धोतर नेसून सकाळपासून गॅरेजच्या बाकड्यावर येऊन बसले. गुरुजी अकराच्या गाडीनं उतरले. लिंबाजी उठले. गुरुजींनी त्यांच्याकडं बघितलं नाही. सरळ गाडीपाशी गेले आणि एक चक्कर मारली. सीटवरचे टाके बघितले. मग वाकून इंजिन.

"हे माझं नाही."

"नाही," मी म्हणालो. "त्याच कंपनीचं आहे. जुनं वाचलं नसतं."

त्यांनी किक मारली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. डोकं एका बाजूला कलवून त्यांनी थोडा वेळ आवाज ऐकला आणि बंद केली.

"आवाज येगळा हाय, गुरुजी," लिंबाजी मागून म्हणाले.

"गुरुजी? सोपान म्हणायचास की."

लिंबाजींनी खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं.

"दार लावून घेतलं होतंस तू."

"व्हय."

"मी हाक मारली होती."

"व्हय. ऐकली."

"मग ही कशाला काढलीस?"

लिंबाजींनी फडकं दोन्ही हातांत पिळलं. "ही काढता येत व्हती, सोपान. तेवढीच काढता येत व्हती."

मी आत जाऊन उगीच पाने लावत बसलो. अशा वेळी मिस्त्रीला गॅरेजमध्ये काम नसतं. बाहेर आवाज चढेल असं वाटलं होतं. चढला नाही. थोड्या वेळानं गुरुजींचा आवाज आला आणि त्यातली शाळा गेली होती.

"ओढ्याला पाणी ऱ्हातंय का रे अजून?"

"संक्रांतीपस्तोर ऱ्हातंय."

"आन् शाळंपुढची लिंबं?"

"येक पडलं. दोन हायेत."

"माय लय काढायची आठवण. शेवटी शेवटी तर परभणीच्या नळाचं पाणी नको म्हणायची. आडाचं आन म्हणायची. तिला कुठनं आणून देऊ?"

"कवा गेली?"

"झाली तीन वर्सं."

"मला कळलं न्हाई."

"कळवलं न्हाई."

मग लिंबाजी म्हणाले, "चल की गावाला. आजच चल. मी मागं बसतो. येशीतनं बसून जाऊ, पारापुढनं. उतरत न्हाई मी आता."

मी दारातून बघितलं. गुरुजींचा हात पेट्रोलच्या टाकीवर होता. तो तसाच राहिला. "मिस्त्री," त्यांनी मला हाक मारली, "फॉर्म आणा. कुठं सही करायची?"

पुढच्या कॅम्पला इन्स्पेक्टरनं पट्ट्या ठोकून बघितल्या, पावती बघितली, नंबर ताडून शिक्का मारला. गुरुजी गाडी घेऊन परभणीला गेले. लिंबाजी एसटी स्टँडकडं गेले.

परभणीत मिस्त्री काय कमी होते? तरी दर दोन-तीन महिन्यांनी गुरुजी सर्व्हिसिंगला सेलूलाच यायचे. आधी पोस्टकार्ड टाकायचे, मला नाही, लिंबाजींना. दोघं माझ्या बाकड्यावर बसायचे. गुरुजी गावाची एकेक गोष्ट विचारायचे. कुणाच्या रानात काय पेरलं, आड बुजवला की आहे, कोण ऊसतोडीला गेलं. लिंबाजी सांगायचे. निघताना लिंबाजी "चल की" म्हणायचे आणि गुरुजी घड्याळ बघायचे. अशी आठ-नऊ वर्षं गेली. तेवढ्या काळात मी त्या इंजिनचे पिस्टन-रिंग दोनदा बदलले. पट्ट्या मात्र हलल्या नाहीत.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला, नामांतर झालं. त्यानंतरच्या एका रविवारी गुरुजी आले. मीटरची केबल तुटली होती, ती नवी टाकली. लिंबाजींचे गुडघे गेले होते. त्यांना एसटीत चढता येत नव्हतं, त्यामुळे ते वर्षभर आले नव्हते.

"आज मीच जाऊन येतो म्हणतो," गुरुजी म्हणाले. सहज म्हणाले. पण अंगात नवा शर्ट होता आणि हँडलला पेढ्यांचा पुडा अडकवलेला होता.

केबल बरोबर चालते का ते कळावं म्हणून मी मीटरचा आकडा लक्षात ठेवला.

दुपार कलल्यावर ते परत आले. पुडा तसाच होता. गाडी स्टँडवर लावून त्यांनी पाणी मागितलं.

"भेटले का लिंबाजी?"

"घरी नव्हता. रानात गेला असंल."

त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला, "घरी न्या" म्हणाले आणि बाकड्यावर बसून सावकाश पाणी प्यायले. मी सवयीनं मीटरकडं बघितलं. गाव जाऊन-येऊन बावीस किलोमीटर. मीटरचा आकडा अठरानंच वाढला होता. मोठ्या रस्त्यावरून गावाकडं वळतो तो फाटा माझ्या गॅरेजपासून बरोबर नऊ किलोमीटरवर आहे. अठरा किलोमीटरला फार तर अर्धा-पाऊण तास लागतो. गुरुजी सकाळी गेले होते. बाकीचा वेळ गाडी फाट्यावरच उभी होती.

"केबल ठीक आहे ना?" गुरुजींनी विचारलं.

"एकदम बरोबर," मी म्हणालो.

चाळीस वर्षं हा धंदा केला. नवीन मिस्त्री कधी विचारतात, म्हणून दोन गोष्टी सांगतो. इंजिन खोलण्याआधी आरसी बुक मागावं. आणि मीटर नीट वाचावा, पण गिऱ्हाइकाला वाचून दाखवू नये.