कानबाईच्या वाटेतलं लिंबू

आमच्या गावात आकाशातून लिंबू पडण्याची घटना आजवर एकदाच घडली आहे, आणि तिला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

हे मी गंभीरपणे सांगतोय, कारण प्रकरण गंभीरच होतं. जळगावच्या एका चटईच्या कारखान्यात मी तीस वर्षं सुरक्षा अधिकारी होतो. मशीन चालू असताना हात घालू नका, गळ्यात लोंबता मफलर नको, हे सांगून सांगून माझा घसा कायमचा बसला. "अपघाताची सुरुवात नेहमी 'आजच्या दिवस चालतंय' या शब्दांनी होते," हे माझं ठरलेलं वाक्य. कामगार ते माझ्या पाठीमागे माझ्याच बसक्या आवाजात म्हणायचे. मी निवृत्त झालो तेव्हा त्याच लोकांनी मिळून मला एक छोटा ड्रोन भेट दिला. वजन दोनशे एकोणपन्नास ग्रॅम. अडीचशेच्या आतला असला की उडवायला परवाना लागत नाही.

परवाना लागत नाही म्हणून नियम नाहीत, असं थोडंच आहे? मी सगळे नियम वाचले, सुवाच्य अक्षरात एका कार्डावर लिहिले आणि कार्डाला प्लास्टिक चढवून आणलं. माणसांच्या डोक्यावरून नेऊ नये. आपल्या डोळ्यांना दिसेल इतकाच लांब न्यावा. कुणाच्या अंगणात डोकावू नये. त्याला काही बांधू नये, त्यातून काही टाकू नये. आमचं जळगावचं घर विमानतळापासून फार लांब नाही, त्यामुळे सरकारी नकाशात बघितलं तर तिथे परवानगीशिवाय उडवणं बंद. दोन महिने ड्रोन कपाटात आणि कार्ड भिंतीवर!

"अहो, कार्डच उडवा आता," ही म्हणाली.

मग श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात त्या दिवशी सगळे भाऊबंद जमतात, गव्हाच्या रोटांचा नैवेद्य होतो, आणि सोमवारी सकाळी घरातली सून कानबाईचा पाट डोक्यावर घेऊन नदीवर जाते. पाट एकदा उचलला की नदी येईपर्यंत खाली टेकवायचा नाही, ही आमच्या घरची रीत. गेली बेचाळीस वर्षं तो पाट माझ्या काकूने नेला. तिला सगळं गाव अक्का म्हणतं. यंदा मात्र वैशाखात ती मोरीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं बंद. ओट्यावरच्या खाटेवर ती पडून असायची. पाट आता तिच्या सुनेकडे, म्हणजे माझ्या चुलत भावाच्या, नानाच्या बायकोकडे, शोभावहिनीकडे आला होता.

रविवारी संध्याकाळी मी अक्काजवळ बसलो. तिने माझा हात धरला.

"भाऊ, माले फक्त दखनं शे. शोभा कशी चालस ते. मी डोया मिटाना पह्यले एकदाव दखू दे. तुनं ते भिरभिरं तठे जाई का?"

लहानपणी आई आजारी असायची तेव्हा याच बाईने मला वाढवलं होतं. मी म्हणालो, "अक्का, शब्द देतो. उद्या तुला सगळं दाखवतो."

शब्द दिला आणि मग कार्ड आठवलं. मी बेत केला होता तो वेगळाच: नदीच्या पलीकडच्या काठावर उभं राहायचं आणि गर्दीपासून लांबून चित्रण करायचं. पोलीस ठाण्यात जाऊन विचारूनही आलो होतो. तिथल्या साहेबांनी माझं कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं आणि म्हणाले, "काका, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत." (हे वाक्य मी त्या दिवशी निदान पाच जणांना ऐकवलं.) पण चित्र दिसणार ते माझ्या हातातल्या रिमोटला लावलेल्या मोबाईलवर. अक्काला दाखवायचं तर मला ओट्यावर, तिच्या खाटेशीच बसावं लागणार. आणि ओट्यावरून नदी दिसत नाही, मध्ये मोठा कडुनिंब आहे. म्हणजे ड्रोन डोळ्यांआड जाणार.

"आजच्या दिवस चालतंय," मी मनात म्हणालो. माझ्याच आवाजात!

सोमवारी सकाळी मी ओट्यावर ड्रोन मांडला, तर आमची ही हळदी-कुंकवाचं ताट घेऊन हजर. मागे चार चुलत वहिन्या.

"नवं यंत्र आहे, देवीच्या कामाला निघालंय. पूजा नको?"

"पूजा करा, पण लांबून," मी म्हणालो.

लांबून पूजा कधी कुणी केली आहे? कुंकवाची पाच बोटं लागली, अक्षता पडल्या, आणि हिने काळ्या दोऱ्यात ओवलेलं लिंबू आणि सात मिरच्या पुढे केल्या.

"हे नाही! काही बांधायचं नाही, कार्डावर लिहिलंय. वजन वाढतं, तोल जातो."

नाना फेटा बांधत होता, तो तिथूनच कडाडला, "सुभाष, ट्रॅक्टरले बांधतस, फटफटीले बांधतस. त्या तं जमिनवर चालतस! हाऊ वर जाई ऱ्हायना, याले नही बांधनार?"

तीस वर्षांच्या नोकरीत इतका बिनतोड मुद्दा कुणी मांडला नव्हता. मी अक्काकडे बघितलं. अक्का म्हणाली, "बांधू दे भाऊ. आजना दिन."

"निदान लहान बघून बांधा," मी म्हणालो, आणि सुरक्षा अधिकारी म्हणून माझी कारकीर्द तिथेच संपली.

मिरवणूक निघाली. ढोल लांब गेला. मी ड्रोन वर घेतला, आणि मोबाईलभर नुसता लाल रंग.

"बठ्ठं लाल का शे?" अक्काने विचारलं.

कुंकवाच्या पाच बोटांतलं एक कॅमेऱ्याच्या काचेवर लागलं होतं. ड्रोन खाली घेतला, सदऱ्याच्या टोकाने काच पुसली, पुन्हा वर. या वेळी चित्र स्वच्छ. ड्रोन घरांच्या धाब्यांवरून निघाला. वाटेत कुणाच्या तरी परसात धुणं धुणाऱ्या बाईने वर बघितलं, पदर ओढला आणि खराटा उगारला. (अंगणात न डोकावण्याचा नियम गेला.) मग कडुनिंब ओलांडला, आणि ड्रोन माझ्या डोळ्यांआड झाला. खाली नदीची वाट दिसली. दोन्हीकडे बाभळी, मध्ये जेमतेम बैलगाडी जाईल एवढी जागा, फुगड्या घालणाऱ्या बायका, आणि त्यांच्या मागे, गर्दीच्या पुढे, डोक्यावर पाट घेतलेली शोभावहिनी.

"मन्ही माय!" अक्का कोपरावर उठून बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मोबाईलला हात जोडून ती म्हणाली, "शोभा, मान सरळ ठेव बेटा! घाई करू नको!" मग माझ्याकडे वळून, "भाऊ, डोकंच दिखस. चालनं नही दिखत. जरा खाले ले."

मी खाली घेतला. "आजून खाले." आणखी खाली घेतला. आता ड्रोन बरोबर माणसांच्या डोक्यावर होता. कार्डावरचा पहिला नियम! पण म्हातारीचा चेहरा बघून मला थांबवेना.

तेवढ्यात नदीकडून वारा आला. चित्र एकदम डावीकडे गेलं, मग उजवीकडे. खाली लिंबू झोके घेत असणार. मग चित्र गरगर फिरलं, दोरा पंख्यात गेला असावा. मोबाईलवर आधी आभाळ दिसलं, मग बाभळी, मग गवत. आणि मग, अगदी जवळ, चार-पाच वर्षांच्या एका मुलीचा चेहरा.

मी रिमोट अक्काच्या मांडीवर टाकला आणि पळत सुटलो. एकसष्ट वर्षांचा माणूस पळतो तसा पळालो, एक चप्पल वाटेतच राहिली. डोळ्यांपुढे फक्त तो चेहरा होता. कारखान्यात दोनदा पाहिलेलं रक्त मला आठवत होतं. देवा, त्या पोरीच्या डोळ्याला काही नको, बाकी माझं काहीही कर.

पोर धडधाकट होती. ड्रोन तिच्यापासून हातभर अंतरावर कडेच्या गवतात आडवा पडला होता आणि ती त्याच्याकडे बघून हसत होती. मी तिला उचलून तिचे डोळे, कान, बोटं तपासली. तिच्या आईने मला जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही, पण त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

मग लक्षात आलं, ढोल बंद आहे. सगळी मिरवणूक जागच्या जागी थिजली होती. वाटेच्या बरोबर मध्यावर, शोभावहिनीच्या चार पावलं पुढे, कुंकू लागलेलं लिंबू आणि मिरच्या. श्रावणातल्या सोमवारी, देवीच्या वाटेत, वरून पडलेलं! ते ओलांडायला कोण धजणार? दोन्हीकडे बाभळीचे काटे, मागे गर्दी. आणि पाट तर खाली ठेवायचा नाही. वहिनी तशीच उभी होती, दंड थरथरत होते.

"कोन्ही करनी शे ही?" एक म्हातारा म्हणाला.

"माझी!" मी ओरडलो. "लिंबू माझं आहे!"

"तुनं?" नानाने विचारलं. स्वतः बांधायला लावलेल्या लिंबाकडे तो अशा नजरेने बघत होता, जणू जन्मात लिंबू पाहिलं नाही.

दोनशे माणसांसमोर मी एका पायात चप्पल घालून पुढे गेलो, लिंबू-मिरची उचलली आणि खिशात टाकली. "चला," मी म्हणालो. ढोल वाजला, वहिनीने पाऊल उचललं. मी मान खाली घालून कडेला उभा राहिलो. अक्काला दिलेला शब्द ड्रोनसकट गवतात पडला होता, आणि तो उचलायचंही मला सुचलं नाही.

घरी आलो तो अक्काची माफी मागायला. ती मोबाईल दोन्ही हातांत धरून बसली होती. "अक्का, चुकलो. तुला काहीच दाखवता आलं नाही."

"काय बोली ऱ्हायना?" ती म्हणाली. "बठ्ठं दखं मी. आडवं पडीसन."

गवतात पडलेला ड्रोन अडखळत का होईना, चित्र पाठवतच राहिला होता. चित्र आडवं, म्हणून तीही आडवी पडून बघत होती; त्यात वाटेने जाणारे पाय दिसत होते, नुसते पाय. "पाट कोनीबी उचलस भाऊ. मी पायच दखनार व्हतू. शोभाना पाय बराबर पडी ऱ्हायना व्हतात. आते माले काळजी नही." आणि ती खरंच त्या दिवशी दुपारी शांत झोपली. मी मात्र त्या मुलीच्या घरी जाऊन पुन्हा एकदा माफी मागून आलो, आणि गवतातून आणलेला ड्रोन कपाटात गेला.

पुढच्या वर्षी नानाने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकली आणि अक्काला थेट नदीच्या वाटेच्या तोंडाशी नेऊन बसवलं. हा उपाय आधीच्या वर्षी आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता! (ट्रॅक्टरला लिंबू-मिरची होती. ते जमिनीवर चालतं.) मी तर निश्चिंत होतो. मिरवणूक जवळ आली, तशी अक्काने ट्रॉलीतून मला हाक मारली.

"भाऊ, आठेन पाय दिखत नहीत. तुनं भिरभिरं कोठे शे?"

"अक्का, ते नियमात बसत नाही."

"मंग तू बस."

काय करणार! नानाचा मोबाईल अक्काच्या हातात दिला, माझ्या मोबाईलवरून त्याला व्हिडिओ कॉल लावला, आणि तीस वर्षं लोकांना 'वाटेत आडवे येऊ नका' सांगणारा मी मोबाईल पायांकडे रोखून नदीच्या वाटेवर पोटावर आडवा झालो. आदल्या वर्षी एक लिंबू ओलांडायला कुणी धजत नव्हतं. मला मात्र सगळं गाव खुशाल ओलांडून गेलं.