चरबीवाले मामा

माणसाच्या चरबीबद्दल मामांइतक्या आदरानं बोलणारा माणूस मराठवाड्यातच काय, सगळ्या पृथ्वीवर दुसरा सापडायचा नाही. मामा आमच्या प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. रुग्णाच्या पोटातून सुईनं काढलेल्या चरबीतून मूळपेशी वेगळ्या करणं हे त्यांचं काम. चरबी धुवायची, एन्झाइम घालून कोमट ठेवत हलवायची, मग नळीत भरून गरगर फिरवायची. तेल वर येतं आणि तळाला चिमूटभर लालसर गाळ बसतो. मूळपेशी त्या गाळात. वर्षानुवर्षं न भरणारी जखम त्यांच्या मदतीनं भरते का, हे आमचे डॉक्टर तपासत होते. मामांच्या लेखी मात्र ते ताक घुसळण्याइतकं घरगुती काम होतं. "फरक इतकाच," ते म्हणत, "इथं लोणी टाकून द्यायचं आन् तळ जपायचा." तापमापक समोर असला तरी बाटली मनगटाला लावून बघितल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. रुग्णासमोर 'चरबी' हा शब्द उच्चारायला सक्त मनाई. "माणूस लाजतं. शिदोरी म्हणावं." मी नव्यानं रुजू झाले तेव्हा माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून ते कळवळले, "पोरी, तुझ्यात तर कायच नाय!" आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डब्यात एक भाकरी जास्त येऊ लागली.

ती लागोपाठच्या दुष्काळाची वर्षं होती, आणि शहर मात्र वाढतच चाललं होतं. ज्वारीच्या रानात इमारती उगवत, इमारतींपुढे टँकर उभे राहत, आणि नळाला आठ-आठ दिवस पाणी नसे. आमच्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी मामा कॅनमध्ये भरून मोपेडवरून मुकुंदवाडीला, आपल्या गल्लीतल्या बायकांना भांडी घासायला नेत. एकदा एका साहेबांनी हटकलं, "हे नियमात बसतं का?" मामा कॅनची दोरी आवळत म्हणाले, "मोपेडवर तर बसतं, सायेब."

मला नेमलं होतं ते मामांचं सगळं काम आपलं आपण करणारं यंत्र बनवायला. एका टोकाला चरबी घालायची, दुसऱ्या टोकाला पेशी घ्यायच्या, मध्ये माणसाचा हात नको. मामा त्याला 'तुझा डबा' म्हणत. "तुझ्या डब्याला घाई लई. पेशी घाबरत्यात." वाईट याचं वाटे, की ते खरं होतं. मामांच्या हातून जितक्या जिवंत पेशी निघत, त्याच्या निम्म्याही माझ्या यंत्रातून निघत नव्हत्या.

मग एका दुपारी मामांच्या हातून नळी निसटली आणि तळाचा गाळ ओट्यावर सांडला. तो नमुना औरंगपुऱ्यात बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंचा होता. दोन वर्षांपासून त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. डॉक्टर सांगायला निघाले, तर मामांनी त्यांना अडवलं आणि स्वतः बाईंच्या खाटेपाशी गेले. मी मागे उभी होते.

"ताई, चूक माझी हाय. माझ्या हातून सांडलं."

बाईंचे डोळे भरून आले. "म्हणजे पुन्हा टोचणार?"

"व्हय."

 त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "शिदोरीला माझ्याकडं काय तोटा नाय, मामा. पण या बारीला जपून."

मामा तिथून थेट माझ्या टेबलाशी आले. "डबा कवा व्हईल तुझा?"

"तो तुमच्यासारखा हलवत नाही, मामा."

"मग शिकव त्याला. हात धर माझा. मोजू नको, नुसता धर."

त्यांनी बाटली घेतली आणि मी त्यांचं मनगट धरलं. एक सावकाश झोका, अर्धं वळण, थोडी विश्रांती, पुन्हा झोका. आणि त्या झोक्याच्या आत, सारखी चाललेली एक बारीक थरथर. किती दिवस हे लपवत होते कोण जाणे.  मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सगळं घे, पोरी. थरथर तेवढी घेऊ नको."

महिनाभर मी यंत्राला दम धरायला शिकवत होते. पहिले काही प्रयोग जमल्यावर बाईंचा दुसरा नमुना यंत्रात घातला. मामा दोन्ही हात पाठीमागे बांधून शेवटपर्यंत उभे राहिले. पेशींचा आकडा आला. मामांच्या चांगल्या दिवसांतल्या आकड्याला तोडीस तोड. त्यांनी कागद दोनदा वाचला, "बेस झालं" म्हणाले आणि व्हरांड्यात निघून गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस काम सोडून ते देवगाव रंगारीला, आपल्या गावी गेले.

दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला गेले. ओसरीवर बसवून त्यांनी पहिलं विचारलं, "ताईचा पाय?"

"भरत आलाय. चप्पल घालून दुकानात बसतात आता."

"घालत्यात चप्पल?"

"घालतात, मामा."

त्यांनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. तेवढ्यात मामींनी चहा आणला. मामांनी बशी उचलली आणि कप तिच्यावर खडखडू लागला. ते अंगणाकडे बघायला लागले. मी पुढे सरकून बशीला खालून हात लावला. एरवी अशा मदतीला "मी काय म्हातारा झालो व्हय?" म्हणून फटकारणारे मामा त्या दिवशी बशी तशीच धरून चहा फुंकू लागले. चहा संपेपर्यंत बशी आम्ही दोघांनी धरली होती.