चार बोटं शिसं

धुळाप्पाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गिरणीचा भोंगा त्याच्यानंतर. चाळीच्या बोळात भिंतीलगत पाण्याचा कॉक होता आणि त्याच्याखाली त्याची बायको मायाक्का हिनं लावलेली घागर असायची. ती भरत आली की धुळाप्पा उठायचा, घागर बदलायचा, कॉकवर हात फिरवून ओल कुठवर आली ते बघायचा. मग पुन्हा झोप नाही.

कॉक गळत होता. उन्हाळा त्र्याहत्तरचा. विहिरी आटलेल्या, नळाला एक दिवसाआड दुपारी तासभर पाणी. गल्लीचा मोठा व्हॉल्व कोपऱ्यावर होता. तो बंद केला तरी बारीक धार आत येत राहायची आणि आमच्या कॉकच्या दांड्यापाशी गळून जायची. पाणी सुटलं की तिथून कारंजं उडायचं, आणि शेवटच्या खोल्यांना करंगळीएवढी धार मिळायची. बारा बिऱ्हाडं, आणि या कॉकातून पुढं खोल्यांना जाणारा एकच पाइप.

मी त्याच्या शेजारच्या खोलीत राहायचो आणि त्याच्याबरोबरच कामाला जायचो. तो नळाचा फिटर, मी खणणारा. तो सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. सोलापुरात आल्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे शिशाचं काम शिकला. लोखंडी पाइप कोणीही जोडतो. आटे पाडायचे, सूत गुंडाळायचं, पाना मारायचा. शिशाला आटे नसतात. वितळलेला डाग, म्हणजे शिसं-कथलाचं मिश्रण, सांध्यावर ओतायचा आणि तो घट्ट व्हायच्या आत चरबी लावलेल्या जाड कापडानं चहूबाजूंनी फिरवून बसवायचा. घाई केली तर डाग खाली वाहून जातो, उशीर केला तर तडकतो. मेंढीच्या कासेवरून फिरावा तसा धुळाप्पाचा हात सांध्यावरून फिरायचा.

शिशाचे पाइप शहरातून जात चालले होते. आमच्या चाळीत एक राहिला होता. मालकाला बदलायचा नव्हता, आणि त्या साली बदलताही आला नसता, कारण पाणी नाही म्हणून नव्या जोडण्या बंद होत्या. मालक धुळाप्पाला म्हणाला होता, "हात लावायचा तर लाव. पण पाइप मोडला तर माझ्याकडं येऊ नको. पाऊस पडेपर्यंत दुसरा नळ मिळायचा नाही."

म्हणून तो हात लावत नव्हता. घागर बदलत होता.

मे महिन्यात गळती इतकी वाढली की घागर पुरेना. पलीकडच्या खोलीत पद्मसाळी विणकर होता, त्यानं बोळात सगळ्यांदेखत टोमणा मारला. "फिटरच्या दारात नळ गळतो आणि फिटर घागरी उचलतो."

धुळाप्पा त्याला म्हणाला, "चांगलं सूत दे मूठभर. आज दुरुस्तीला बसतो."

पाणी दुपारी सुटणार होतं. तोवर काम व्हायला हवं होतं. सूत चरबीत भिजवून त्यानं तयार ठेवलं. दांड्याभोवतीचं जुनं भरण काढून हे भरायचं, वरचा नट आवळायचा, एवढंच काम. त्यानं एक पाना कॉकच्या अंगाला लावला, दुसरा नटाला. एकट्या पान्यानं नट फिरवला की सगळा पीळ शिशावर जातो. तो पीळ जाऊ नये म्हणून त्यानं जपून, दोन्ही हातांचा जोर सारखा ठेवून नट सोडवला. नट सुटला. भरण बदललं. आवळताना मात्र कॉकच्या मागच्या सांध्यावर ओल दिसली. मग केसाएवढी रेघ.

शिसं मोडताना आवाज करत नाही.

धुळाप्पानं पाने खाली ठेवले. मग करवत घेतली आणि मोडलेला सांधा कापून, पुढचा पाइप सोडवून कॉक मोकळा केला. भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपावर बोटं ठेवली. चार बोटं शिसं उरलं होतं. एक सांधा करायला तेवढं पुरतं. तो बिघडला तर ते टोक पुन्हा कापायचं, मग धरायलाच काही राहत नाही. भिंत दोन हात जाड, दगडी. तोडायची तर मालकाची परवानगी, आणि आत पाइप कसा आहे ते कुणालाच माहीत नाही.

"भीमा," तो मला म्हणाला, "एकदाच करायचं हाय ह्ये."

पण त्या चार बोटांतून बारीक धार चालूच होती. ओल्या शिशाला डाग धरत नाही, आणि तापलेल्या डागावर पाणी पडलं तर तो उडून अंगावर येतो. मी चावीवाल्या येडूला बोलावून आणलं. गल्लीचे व्हॉल्व उघडबंद करणं हे त्याचं काम. तो म्हणाला, खडा अडकलाय, बघतो. लांब दांड्याची चावी घेऊन तो कोपऱ्याकडं गेला.

कोपरा आमच्या बोळातून दिसत नाही, मध्ये वळण आहे. लोखंडी पाइप असता तर कोपऱ्यावरून हातोडी ठोकून खूण करता आली असती. शिसं आवाज पुढं देत नाही. म्हणून कोपऱ्यावरच्या सरकारी नळापाशी शिवम्माला उभं केलं. ती अक्कलकोटकडची, चाळीत सगळ्यांत थोरली, आवाज खणखणीत. त्या नळालाही तीच बारीक धार होती.

धुळाप्पा तिला म्हणाला, "अक्का, येडू व्हॉल्व आवळंल. नळाची धार थांबली की वराडा. बंद म्हना फकस्त. मग मी डाग वततो."

"बंद. व्हय की," म्हणून शिवम्मा गेली.

धुळाप्पानं मायाक्काकडं भाकरी मागितली. "मऊ दे. कडक नको."

"तुमाला कडकच लागती की रोज."

"मला न्हाय. पाइपाला."

"मानसाला मिळंना, आन् पाइपाला मऊ भाकर," ती म्हणाली, पण सकाळची दिली. धुळाप्पानं तिचा आतला भाग मळून गोळा केला आणि पाइपात खोल दाबून बसवला. पाझर तेवढ्यानं थोडा वेळ अडतो, आणि पुढं पाणी आलं की भाकरी विरघळून वाहून जाते. बोळा कापडाचा घातला तर तो आतच राहतो. कॉक त्यानं पूर्ण उघडा ठेवला, म्हणजे काही आलंच तर सरळ पलीकडं निघून जाईल. शिशाची टोकं चाकूनं खरवडून चकचकीत केली. चरबी लावली. कॉक जागेवर बसवून मी दोन विटांमध्ये धरला. त्यानं पंपाचा रॉकेलचा दिवा पेटवला, पळीत डाग वितळवला आणि थांबला.

बोळात दोन्ही बाजूंच्या खोल्यांतून मागांची खटखट चालू होती. कोणी थांबवा म्हटलं असतं तर थांबवली असती. सुचलं नाही. दारादारांत बायका उभ्या होत्या. डाग परत परत तापवून ठेवायला लागत होता. धुळाप्पाचा कान वळणाकडं.

मग हाक आली. "बंद... बंद!"

धुळाप्पानं माझ्याकडं बघितलं. मीही ऐकलं होतं. मी मान हलवली. त्यानं ओतायला सुरुवात केली.

सांध्याभोवती डाग जमत चालला. त्यानं पळी खाली ठेवली, कापड घेतलं, खालून वर एक फेरा घेतला. दुसरा घेताना पाइपात सूं असं वाजलं. वारा होता. लांब पाइपातून पाणी येताना पुढं वारा येतो, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

"सोड," मी म्हणालो. "धुळाप्पा, सर मागं."

त्यानं सोडलं नाही. सोडलं असतं तर मऊ डाग खाली गळला असता आणि चार बोटं शिसं गेलं असतं. त्यानं कापड सांध्यावर तसंच दाबलं, दुसऱ्या हाताचा पंजा कॉकखाली घातला आणि म्हणाला, "तू हालवू नको. पळ म्हनलं तरी पळू नको."

भाकरीचा गोळा कॉकमधून थुंकल्यासारखा बाहेर पडला आणि समोरच्या भिंतीवर चिकटला. मागोमाग पाणी. बहुतेक सगळं उघड्या कॉकमधून पुढं गेलं. पण सांध्याच्या खालच्या अंगाला डाग अजून मऊ होता, तिथून एक थेंब फुटला. तापलेल्या धातूवर पाणी पडून चट् असं झालं आणि डागाचे कण धुळाप्पाच्या मनगटावर उडाले. त्यानं दात आवळले. कापडात गुंडाळलेला अंगठा त्याच जागेवर नेऊन दाबला. मला तळहातावर पाइपाची थरथर लागत होती. मायाक्का वळणाकडं पळत गेली होती, "बंद करा, बंद करा," तिचा आवाज लांब जात होता.

पाणी जसं आलं तसं थांबलं. पुन्हा वळणावरून हाक आली, या वेळी नीट, "बंद झालं बगा!"

धुळाप्पानं अंगठा काढला नाही. डाग पांढुरका पडला, मग करडा. तेव्हा काढला. खाली हरभऱ्याएवढा खड्डा राहिला होता. नवीन भाकरी मागून त्यानं पाइप पुन्हा कोरडा केला, दिवा लांबून दाखवत तेवढी जागा तापवली, खड्डा भरला आणि पुढचा पाइप परत जोडला. मनगटाकडं त्यानंतर बघितलं.

शिवम्मा आली ती रागातच. "मी सांगितले न्हाय काय? बंत म्हनून वराडले. नीर बंत!"

"तुमी बंद म्हनला, अक्का."

"बंद कशाला म्हनू? पानी आलं तर बंद म्हनू काय? आमच्या कानडीत बंत म्हंजे आलं. धार मोटी झाली, मी घाबरले, तोंडात आपलंच आलं."

मागून येडू आला. त्यानंही काही चूक केली नव्हती. व्हॉल्वमध्ये खडा अडकला असेल तर तो एकदा उघडून जोराची धार द्यायची, खडा वाहून जातो, मग आवळायचं. तसंच त्यानं केलं होतं. खडा गेला होता. व्हॉल्व पहिल्यांदाच पुरता बसला होता.

विणकर म्हणाला, "नशीब, मी नव्हतो कोपऱ्यावर. मी तेलुगूत ओरडलो असतो."

कुणी हसलं, कुणी नाही. पाणी सुटायची वेळ व्हायची होती.

दुपारी येडूनं पाणी सोडलं. धुळाप्पानं चुलीतली कोरडी राख सांध्याला आणि दांड्याच्या नटाला चोळली होती. बारा बिऱ्हाडांच्या घागरी भरेपर्यंत तो राखेकडं बघत उकिडवा बसून होता. राख कोरडी राहिली. शेवटच्या खोलीतल्या बाईनं आतून सांगितलं, "लई जोर हाय आज." मग तो उठला आणि मायाक्कानं त्याच्या मनगटाला खोबरेल लावलं.

त्या दिवसानंतर तो हाकेवर काम करायचा नाही. कुठंही गेला तरी ज्यानं व्हॉल्व बंद केला त्यानं चावी आणून धुळाप्पाच्या हातात द्यायची, मगच दिवा पेटायचा. लोक हसायचे, साहेब वैतागायचे. तो चावी मांडीखाली ठेवून बसायचा.

पावसाळा सरल्यावर त्यानं मला चाळीच्या दाराबाहेर खड्डा खणायला लावला. जुनी सायकल घ्यायची म्हणून दोन वर्षं मजुरीतले पैसे मायाक्काकडं डब्यात साठत होते. कामाला जायला रोज चालावं लागायचं, कधी सात रस्ता, कधी त्याच्याही पुढं, खांद्यावर अवजारांची पिशवी. त्या पैशांचा त्यानं जाड पितळी कॉक आणला आणि दाराबाहेर, बोळात बसल्या जागेवरून दिसेल असा पाइपावर बसवला. आता चाळीचं पाणी तोडायला कोपऱ्यावर जायला नको, कुणाची हाक नको. मालकाला त्यानं विचारलंही नाही.

मायाक्का दारात उभी राहून बघत होती. "सायकलवर बसायचं ठरलं व्हतं न्हवं? बसा आता कॉकवर."

धुळाप्पानं कॉक एकदा उघडला, एकदा बंद केला, राख चोळली. मग पिशवी खांद्याला लावून चालत कामाला निघाला.