गौरी आधी येते

पुण्यात बसून बंगळूरबद्दल बोलायचं तर बंगळूर पाहिलेलं असण्याची गरज नसते. माझा दादा त्यात पटाईत. तिथे पंखा लागत नाही, हिंदीवर सगळं भागतं, माणसं सदा कॉम्प्युटरला चिकटलेली असतात आणि शेजारी कोण राहतं हे कुणाला ठाऊक नसतं. घटस्फोटानंतर मी हेब्बाळमधली नोकरी धरली आणि आठ वर्षांच्या लेकीला घेऊन मल्लेश्वरमला राहायला आले, तेव्हापासून त्याने हे सगळं आईला इतक्या वेळा ऐकवलं की त्यातून एक बेतच शिजला. गणपतीला आईने माझ्याकडे यायचं आणि परतताना नातीला कायमचं पुण्याला न्यायचं. तिथल्या शाळेशी दादाने बोलूनही ठेवलं होतं. "तुझं तिथे आहे कोण?" हा त्याचा हुकमी प्रश्न, आणि त्याला फोनवर उत्तर देता देता माझा आवाज दरवेळी चढायचा.

खरं सांगायचं तर आले तेव्हा मीही तशीच शहाणी होते. एप्रिलमध्ये स्वेटर घेऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात दोन पंखे विकत घेतले. हिंदीवर ऑफिस भागलं, पण भाजीवालीपुढे माझी बोलती बंद व्हायची. तिथे लेक माझी दुभाषी झाली. "अण्णा, स्वल्प निल्लिसी," म्हणत रिक्षा थांबवायलाही तीच पुढे.

दादाच्या मते इथे मराठी औषधालाही मिळणार नव्हतं. आमच्या घरमालकीणबाईच मराठी निघाल्या. सत्तरीच्या, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या. लेक शाळेतून येऊन त्यांच्याकडेच जेवायची आणि त्यांना अज्जी म्हणायची. त्यांचं मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी हसले, तर म्हणाल्या, "आमची माणसं तीनशे वर्षांमागं घोड्यावर बसून आली. तू आत्ता विमानानं आलीस. नवी कोण, सांग बघू?"

आई हरतालिकेच्या आदल्या दिवशी आली. बॅगेत साड्यांच्या घड्यांमध्ये घरच्या गौरींचे मुखवटे होते, कारण "तुमच्याकडे कुठल्या आल्यात गौरी!" पर्समध्ये परतीची दोन तिकिटं होती. ती तिने मला दाखवली आणि पुन्हा नीट आत ठेवली. मी भांडले नाही. मला माझीच भीती वाटत होती. संध्याकाळी दमून येणारी, लेकीला दुसऱ्याच्या घरी जेवायला लावणारी मी. दादाचं थोडं जरी खरं असलं तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकीणबाई जिना चढून वर आल्या. हातात हळद लावलेलं सूप, त्यावर पालथं घातलेलं दुसरं सूप. आत नारळ, तांदूळ, डाळी, गूळ, बांगड्या, फणी, छोटा आरसा.

"गौरीचं बागिन आहे. घे," त्या मला म्हणाल्या.

आई उपासाने आधीच तापलेली. "अहो, गौरी गणपतीनंतर येतात! आज हरतालिका. तुमचं काहीतरी चुकलंय. पिढ्यानपिढ्या बाहेर राहिलं की विसरायला होतंच म्हणा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र शांत होत्या.

"तुमच्याकडं नंतर येत असंल, अक्का. आमच्याकडं गौरी आधी येती. माहेराला येती ती. उद्या गणपती येतो, आईला परत न्यायला. आणि हे बागिन माहेरानं लेकीला द्यायचं असतंय. तुम्ही लांब राहता, म्हणून मी आणलं."

आई आवाज खाली आणून म्हणाली, "पण हिला कसं चालेल? हिचा संसार तर..."

"संसार मोडला, अक्का. लेक कुठं मोडती?"

माझ्या अंगात कुर्ता होता. पदर नाही म्हणून मी ओढणी पसरली आणि सूप घेतलं. बोलताना माझा आवाज थरथरला नाही. आणि चढलाही नाही.

"आई, माझी लेक तुझ्याबरोबर येणार नाही. माझं इथे कोण आहे ते दादाला सांग आता. तू पाहिलंस."

आईने पर्समधली तिकिटं काढून पुन्हा एकदा तपासली. चतुर्थीला मोदक केले, मला हात लावू न देता. मी मागे हटले नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या गौरी यायच्या होत्या. त्या सकाळी ती आपणहून खाली गेली आणि घरमालकीणबाईंना वर घेऊन आली. दारापासून आतपर्यंत गौरींची पावलं दोघींनी काढली, आणि मुखवट्यांना कुठली साडी शोभेल यावरून दोघींनी मनसोक्त वादही घातला.

गौरी गेल्यानंतर आई बॅग भरायला बसली. तिने नातीला हाक मारून मोबाइल दिला आणि म्हणाली, "यावरून तुझं तिकीट रद्द करून दे बघू. मला ते जमत नाही."

मुखवटे पाटावरच होते. मी ते गुंडाळायला घेतले, तर तिने माझ्या हातातून काढून घेतले आणि माझ्या कपाटात, बागिनाच्या सुपात ठेवले.

निघताना जिन्याच्या पायथ्याशी घरमालकीणबाई उभ्या होत्या. आई त्यांच्यासमोर थांबली.

"पुढच्या वर्षीही मी गणपतीच्या दोन दिवस आधी येते," ती जरा कडकच आवाजात म्हणाली. "माझ्या लेकीचं बागिन मी देणार. तुम्ही नाही."

"सरी, अक्का," बाई मान डोलावत म्हणाल्या. "सूप मी आणून ठेवते."