कर्ण्यातला आवाज

आम्ही त्याला रेडिओ म्हणत होतो, पण खरं तर तो रेडिओ नव्हताच. मी सांगलीला कॉलेजात असताना, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षांत, पदार्थविज्ञानाच्या चार विद्यार्थ्यांनी जुन्यापान्या सामानातून माइक आणि अँप्लिफायर जुळवला होता. प्रयोगशाळेतून तार ओढून त्यांनी वसतिगृहाच्या खाणावळीबाहेर कडुलिंबावर कर्णा बांधला. रोज संध्याकाळी साडेपाचला दहा मिनिटं तो बोलायचा. मुंबई केंद्रावरून टिपून घेतलेल्या बातम्या, कॉलेजच्या सूचना, कुणाचं तरी नाट्यपद. सरकारविरुद्ध अवाक्षर नको, एवढंच प्राध्यापकांनी बजावलं होतं. बाजाराहून परतणारे गाडीवान बैल थांबवून ऐकत. बातम्या मी वाचायचो. माझा आवाज भरदार होता, आणि मला त्याचा गर्वही होता.

खाणावळीत भाकऱ्या करायला औंधकडची एक बाई होती. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. तिचा एकुलता एक मुलगा पलटणीत, ब्रह्मदेशच्या आघाडीवर होता. सहा महिने त्याचं पत्र नव्हतं. दिवाळीच्या आधी एकदा मी जेवत असताना ती जवळ आली.

"त्या कर्ण्यातनं तूच बोलतोस न्हवं?"

"व्हय, मावशी."

"समोर बोलतोस तवा काय वाटत न्हाई. पर तितनं आला की माज्या पोराचाच आवाज हाय बग." मग जरा घुटमळून म्हणाली, "एकदा तितनं म्हन की रं, 'आये, जेवलीस का?' तेवडंच."

मला हसू आलं, तरी मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सूचना संपल्यावर मी माइकपाशी वाकून म्हणालो, "आये, जेवलीस का?" खाणावळीत हशा पिकला आणि एकदम थांबला, असं मागाहून मित्रानं सांगितलं. पिठानं भरलेल्या हातांनी ती बाहेर धावली होती आणि कर्ण्याकडे वर बघून म्हणत होती, "जेवले रं, जेवले."

मग ते रोजच म्हणावं लागलं. मुलं हसेनाशी झाली. कुणी कुणी तेवढ्यापुरता हातातला घास ताटात ठेवायचं.

मार्गशीर्षात पलटणीचा कागद आला. इंग्रजीतला, म्हणून तिनं तो माझ्याकडेच आणला. मुलगा श्रावणातच गेला होता. मी पहिल्यांदा 'आये' म्हणालो, तेव्हा तो या जगात नव्हता. मी तिला कसंबसं सांगितलं. ती रडली नाही.

"खोटं हाय ते. काल सांजच्याला बोलला की माज्यासंगं."

"मावशी, तो मी होतो."

"तू कसा? तू तर हितं बसलायस."

त्या संध्याकाळी मी प्रयोगशाळेकडे फिरकलो नाही. दुसऱ्याच मुलानं बातम्या वाचल्या. कर्णा गप्प झाला तरी ती झाडाखाली उभीच होती, हे मी खोलीच्या खिडकीतून बघत होतो. तिसऱ्या दिवशी तवा तसाच चुलीवर टाकून ती माझ्या दारात आली. "तू बोलायचा थांबलास," ती म्हणाली, "म्हनून गेलं माजं लेकरू." आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. एवढं बोलून ती चुलीकडे परत गेली. आठवड्याभरात तिचा भाऊ येऊन तिला गावी घेऊन गेला. मी पुन्हा माइकसमोर बसलो नाही. मित्रांनी आग्रह केला, मग सोडून दिला.

परीक्षा संपल्यावर शिरवळला घरी जाताना मी वाट वाकडी करून तिच्या गावी गेलो. क्षमा मागायची, एवढंच ठरवलं होतं. टळटळीत दुपार होती. घरामागच्या परड्यात ती पाठमोरी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. माझ्या पायाखाली पाचोळा वाजला.

"कोन हाय?" तिनं मागं न बघताच विचारलं.

शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण मी तोंड उघडलं, तर तिला कोण ऐकू येईल, या विचारानं मी थबकलो. मी उलट्या पावली मागं सरलो.

"कोन हाय रं?" आता शेंगा फोडणारे तिचे हात थांबले होते. मी बांध ओलांडला आणि रस्ता येईपर्यंत चालत राहिलो.