हाताला लागणारा रंग

काळजी करायला मला निमित्त लागत नाही. दूधवाला पंधरा मिनिटं उशिरा आला तरी मी मनातल्या मनात त्याचा अपघात करून मोकळी होते. पण बाबांना डोंबिवलीला माझ्याकडे आणलं तेव्हापासूनची काळजी खरी होती. ठाण्याला नौपाड्यातली आमची इमारत पाडायला घेतली होती, आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि बाबा हळूहळू सगळं विसरत चालले होते.

रोज चार वाजले की ते चपला घालत, कापडी पिशवी उचलत आणि पाहुण्यासारखे म्हणत, "बराय, निघतो. घरी मुलं यायची वेळ झाली."

एकदा ते खरंच निघाले. मानपाडा रोडच्या रिक्षा स्टँडवर जाऊन "नौपाडा" म्हणाले. रिक्षावाला ओळखीचा निघाला म्हणून घरी परत आले. मग मी दाराला वर, त्यांचा हात पोचणार नाही अशी कडी बसवून घेतली. स्वतःच्या बापाला कोंडून ठेवायची मला लाज वाटायची, पण कडी काढायची हिंमतही होत नव्हती.

आणि एका दुपारी मीच ती लावायला विसरले. पाच मिनिटांनी बघते तर खोली रिकामी. तशीच अनवाणी खाली धावले. वॉचमन म्हणाला, आजोबा इकडून गेले नाहीत. वर आले तर समोरच्या फ्लॅटचं दार उघडं होतं आणि आत बाबा भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून, डोळे मिटून जमिनीवर बसले होते.

"काकू, बसू दे ना त्यांना," समोरची नवीन लग्न झालेली मुलगी हळूच म्हणाली. "आले, भिंतीवरून हात फिरवला, तळवा पाहिला आणि बसले. किती शांत वाटतायत."

त्या भिंतीला मी आठवडाभर नावं ठेवत होते. पिस्ता रंग आणि खाली वीतभर चॉकलेटी पट्टा. आमच्या लहानपणी ठाण्यातल्या अर्ध्या घरांना हाच रंग असायचा. त्यातून सुटायला आम्ही आधी गुलाबी केला, मग ऑफव्हाइट, मग मधे एक भिंत जांभळी करायचं खूळ आलं तेही केलं, आणि ही मुलं डिझायनर बोलावून पुन्हा पिस्त्यावर आली होती. "लाइमवॉश आहे, काकू. सध्या हेच चालतंय," ती म्हणाली. आमच्याकडे त्याला चुना म्हणत. पण बाबा इतके निवांत बसलेले मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

लगेच मी बाबांची खोली रंगवायला काढली. आंबिवलीहून येणारा आमचा नेहमीचा रंगारी समोरच्या भिंतीवरून शेड जुळवून घेऊन आला. "वॉशेबल मारू ना, मॅडम? डाग पडला की नुसतं कापड फिरवायचं." मी हो म्हटलं. हो कसलं, मीच आग्रह धरला. रंग धुता येत नसेल तर तो लावायचा कशाला, अशीच आम्हा बायकांची समजूत.

खोली हुबेहूब झाली. बाबांनी आत येऊन भिंतीवरून हात फिरवला. मग तळवा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. तो स्वच्छ होता.

"छान आहे," ते म्हणाले. "बराय, निघतो."

मी पलंगावर बसून रडले. रडून झाल्यावर आठवलं. नौपाड्याला दिवाळीआधी बाबा स्वतः रंग कालवायचे. पुडीतला सुका डिस्टेंपर, पाणी आणि चिकटायला सरस. सरसाचा वास त्यांना सोसायचा नाही, म्हणून तो नेहमी कमी पडायचा. भिंतीला टेकलेला माणूस हिरवी पाठ घेऊनच उठायचा. बाबा कंपनीत निघाले की आई दारातच त्यांना थांबवायची. "थांबा, पाठ," म्हणायची आणि तळव्याने दोन चापट्या मारून शर्ट झटकायची. ते घर हाताला लागायचं. समोरचा चुनाही तसाच लागत असणार.

रंगाऱ्याला पुन्हा बोलावलं तेव्हा त्याला वाटलं माझंही बाबांसारखंच होत चाललंय. "मॅडम, नवीन रंग घासून काढायचा? आणि वर सुका डिस्टेंपर? अहो, तो अंगाला लागतो."

"लागू दे," मी म्हटलं. "आणि सरस कमी घाला."

पलंगाजवळची एकच भिंत त्याने कुरकुरत करून दिली. दोन दिवसांनी ती वाळली आणि मी बाबांचा हात धरून त्यांना आत नेलं. आता हेही नाही जमलं तर माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नव्हतं. त्यांनी हात फिरवला, तळवा पाहिला, बोटं एकमेकांवर चोळली. मग भिंतीला टेकून खाली बसले आणि पाय पसरले.

तासाभराने उठले तेव्हा पाठ हिरवीगार झाली होती. "थांबा, पाठ," माझ्या तोंडून गेलं आणि मी मागून दोन चापट्या मारल्या.

त्यांनी वळून पाहिलं नाही. "राहू दे गं," ते म्हणाले. "मुलं आली का शाळेतून?"

असं ते फक्त आईशी बोलायचे. आम्हा दोघा भावंडांतलं थोरलं मूल मी, त्यांच्या मागे उभी होते आणि माझ्या हाताला पिस्ता रंग लागला होता.

"येतीलच आता," मी म्हटलं.

दाराची वरची कडी मी काढून टाकली आहे. चार वाजले तरी बाबा आता चपला घालत नाहीत. भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून मी शाळेतून यायची वाट बघत बसतात, आणि मी त्यांना चहा नेऊन देते.