गुलाबी झालेले निळे दाणे

नणंदेने लग्नातला पुष्पगुच्छ माझ्या हातात ठेवला आणि मी आनंदाने उडालेच! रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवात, फुलं जपायचं वेड मला नुकतंच लागलं होतं. तोवरची माझी कमाई म्हणजे शेवंतीच्या पाकळ्यांचे चार कीचेन. आणि आता हे आठ लाल गुलाब! आमच्या म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या घराच्या अंगणातले, रिसेप्शनच्या सकाळी अत्तेंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, खुडून स्वतः बांधलेले. बारा दिवसांनी नणंद नवऱ्याबरोबर परदेशी जाणार होती.

"वहिनी, दुकानात नको, तूच कर. घरचं म्हणून एवढंच नेणार मी," ती म्हणाली आणि सासरी बन्नूरला गेली.

मी मोठ्या डब्यात गुलाब सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांत पुरले. हे दाणे फुलातलं पाणी पितात आणि पोट भरलं की गुलाबी होतात. फुलात जरा ओल राहिली तर रेझिन ढगाळतं, पाकळी आतल्या आत कुजते. म्हणून झाकण घट्ट लावलं. रोज नंजनगूडला कामावर जाताना बसमध्ये मी साच्यांचे व्हिडिओ बघायची, आणि एकदा तर माझा स्टॉपच चुकला.

चौथ्या दिवशी राहवेना. झाकण काढलं, तर दाणे गुलाबीगार, ओलेचिंब, आणि वरच्या पाच फुलांचा काळा लगदा. मी किंचाळले. अत्ते धावत आल्या.

"अय्यो, झाकण काढून मीच ग पाणी शिंपडलं. रोज सकाळी. फुलांचा रंग खाली उतरत होता, नोडु, बघ ना, दाणे कसे गुलाबी झालेत! म्हटलं, सुकून चाललीत बिचारी."

मोगऱ्याची माळ केळीच्या पानात गुंडाळायची आणि वर पाण्याचा हबका मारायचा, हे म्हैसूरच्या बायकांना शिकवावं लागत नाही. हे मला कळत होतं, तरी माझं तोंड सुटलंच. "तुम्हाला हात लावायला सांगितला होता कुणी?" अत्तेंचा चेहरा एवढासा झाला.

मी रागारागाने डबा परातीत उपडा केला. आणि तळाशी तीन गुलाब, जवळजवळ कोरडे! वरच्या दाण्यांनीच सगळं पाणी पिऊन टाकलं होतं. माझा राग कुठच्या कुठे पळाला. दाणे मंद आचेवर भाजले की पुन्हा निळे होतात, हे आठवलं आणि मी ते अत्तेंना सांगितलं. त्यांनी जुनी कढई काढली, खिडक्या उघडल्या आणि उलथनं हातात घेतलं.

"आला! निळा आला ग!" तासाभराने त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या. आम्ही दोघी कढईवर वाकून हसत होतो.

दाणे गार करून तिन्ही फुलं त्यांत आणखी चार दिवस ठेवली. मग रेझिन ओतलं, फूल वर तरंगू नये म्हणून दोन थरांत. बुडबुडे टूथपिकने टिपताना मी श्वाससुद्धा जपून घेत होते. साच्यातून ठोकळा निघाला तो काचेसारखा स्वच्छ. फक्त एका गुलाबावर तपकिरी डाग होता, पाण्याच्या थेंबाएवढा.

विमानाच्या आदल्या दिवशी नणंद आली. मी सगळं खरं सांगून टाकलं आणि म्हटलं, "डागाची बाजू मागे ठेव."

तिने ठोकळा उजेडात धरला. डागावरून अंगठा फिरवला.

"छे! हीच बाजू पुढे. हा माझ्या अम्माचा हात आहे."

अत्ते पदर तोंडाला लावून आत गेल्या. बारा दिवस राबले मी, आणि ती घेऊन निघाली तिच्या आईची चूक. खरं सांगते, मला नणंदेचा हेवा वाटला. माझी आई आज असती तर तिनेही नेमकं पाणीच शिंपडलं असतं.